नेमसर्व्हर आणि नावाचा अधिकार : सातारा व सांगली जिल्ह्यांतील संस्थांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

१९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि परिसरातील विलीन संस्थानांचा प्रदेश एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ हा नवा जिल्हा निर्माण करण्यात आला. १९६० मध्ये त्याचे नामांतर होऊन तो ‘सांगली जिल्हा’ या नावाने ओळखला जाऊ लागला. नाव बदलले तरी गावे, नद्या आणि माणसे तीच राहिली. टपालाच्या थैलीत ‘जि. दक्षिण सातारा’ असा जुना पत्ता लिहिलेले एखादे पत्र आले असते, तरी ते कोठे पाठवायचे हे टपाल कार्यालयातील जाणत्या माणसाला सांगावे लागले नसते. जुन्या नावाची आठवण हीच तेथे मार्गदर्शक ठरते.

इंटरनेटवरील नावाला असा जाणता पोस्टमन लाभत नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या डोमेन नावाबद्दल उत्तर देण्याची जबाबदारी ज्या संगणकांवर सोपविलेली असते, त्यांना नेमसर्व्हर असे म्हणतात. त्यांनी उत्तर दिले नाही, तर इमारत, प्राध्यापक, ग्रंथालय आणि संकेतस्थळाची सर्व पाने जागेवर असूनही ते महाविद्यालय इंटरनेटपुरते बेपत्ता होते. म्हणून स्वतःच्या संकेतस्थळासाठी नेमसर्व्हर उभारणे हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. संस्थेच्या नावाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा त्यामागील खरा प्रश्न होय.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) डोमेन नावांच्या व्यवस्थेचा ऐतिहासिक विकास समजून घेणे.
२) भारतात व विशेषतः सातारा-सांगली परिसरातील संस्थांच्या नावांत त्या विकासाचे प्रतिबिंब कसे पडले, हे पाहणे.
३) स्वतःचे नेमसर्व्हर उभारण्याची कार्यपद्धती आणि त्यातून येणारी संस्थात्मक जबाबदारी स्पष्ट करणे.

या अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित व सार्वजनिकरीत्या उपलब्ध माहितीवर आधारलेला आहे.

१. एका यादीकडून अधिकारवाटपाकडे

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या अमेरिकी जाळ्यात प्रारंभी नावांची एकच यादी होती. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती केंद्रात एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखाली ही यादी सांभाळली जाई. नवा संगणक जोडला गेला की त्याचे नाव व अंकीय पत्ता तेथे कळवावा लागे आणि मग सुधारित यादी सर्वांनी उतरवून घ्यावी, अशी पद्धत होती. संगणक थोडे असेपर्यंत ही पद्धत उपयुक्त ठरली. जाळे वाढू लागले तसे यादी जुनी पडणे, दोघांनी एकच नाव मागणे आणि एकाच कार्यालयावर सर्व भार येणे या अडचणी वाढत गेल्या.

१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नाव व्यवस्थेचा आराखडा मांडला. १९८७ मध्ये त्याची सुधारित मानके प्रसिद्ध झाली आणि आजही व्यवस्थेचा पाया तीच आहेत. त्यांतील मध्यवर्ती कल्पना अधिकारवाटपाची होती. सर्व नावे एका ठिकाणी न ठेवता प्रत्येक शाखेने आपल्या खालच्या शाखेचा कारभार तिच्याकडे सोपवावा आणि स्वतःकडे केवळ ‘या नावाची विचारणा अमुक सर्व्हरकडे करावी’ एवढीच नोंद ठेवावी, असे ठरले.

ही रचना मराठी वाचकाला परकी वाटू नये. ‘मु. पो. वाई, जि. सातारा, महाराष्ट्र’ असा पत्ता आपण लहानाकडून मोठ्याकडे लिहितो. टपाल कार्यालय मात्र तो उलट्या क्रमाने वाचते. आधी राज्य, मग जिल्हा, शेवटी गाव. साताऱ्यातील यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे ‘वायसीआयएस.एसी.इन’ हे नावही असेच उलटे वाचले जाते. प्रथम मूळ सर्व्हर, त्यानंतर ‘इन’ व त्यातील ‘एसी’ विभागाची नोंद ठेवणारे सर्व्हर आणि अखेरीस त्या संस्थेच्या नावासाठी नेमलेले नेमसर्व्हर, असा विचारणेचा प्रवास होतो. वरच्या पायऱ्यांना संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता ठाऊक नसतो. तो कोणाला ठाऊक आहे, एवढेच त्या सांगतात.

२. भारतातील व्यवस्थेची वाटचाल

भारतातील शैक्षणिक जाळ्याचा प्रारंभ १९८६ मधील अर्नेट प्रकल्पापासून मानला जातो. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी यांचा त्यात सहभाग होता. ८ मे १९८९ रोजी ‘इन’ ही भारताची शाखा अस्तित्वात आली. तिच्या प्रारंभीच्या कारभारात मुंबईच्या या केंद्राचा आणि तेथील डॉ. श्रीनिवासन रमाणी यांचा वाटा महत्त्वाचा होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. ती आरंभी महानगरांपुरती होती. १९९८ च्या धोरणानुसार खासगी सेवा पुरवठादारांना प्रवेश मिळाला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी इंटरनेट पोहोचण्याची वाट मोकळी झाली.

नावांच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ कडक नियम होते. २००४ पर्यंत ‘इन’ शाखेत सुमारे सात हजार नावेच नोंदली गेली होती. २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘निक्सी’ या ना-नफा संस्थेकडे पुढे या शाखेचे व्यवस्थापन आले आणि २००५ च्या आरंभी थेट ‘इन’खाली नाव घेण्याची मुभा सर्वांना मिळाली. शैक्षणिक संस्थांसाठीचे ‘एसी.इन’, ‘ईडीयू.इन’ आणि ‘आरईएस.इन’ हे विभाग अर्नेट इंडियाकडे, तर शासकीय ‘गव्ह.इन’ विभाग राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे राहिला. अशा प्रकारे अधिकारवाटपाचे तत्त्व दिल्ली-मुंबईपर्यंत येऊन पोहोचले. ते जिल्ह्यापर्यंत कितपत झिरपले, हे पुढे पाहता येईल.

३. सातारा व सांगली : नावांचा नकाशा

सातारा-सांगली परिसरात संगणक जाळ्याचा पहिला वावर शासकीय स्वरूपाचा होता. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे निकनेट हे जाळे उपग्रहाच्या साहाय्याने जिल्हा मुख्यालयांपर्यंत पोहोचले. पुढे ‘निक.इन’ व ‘गव्ह.इन’ या शाखांखाली जिल्ह्यांची संकेतस्थळे आली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रयत्न झाला. सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला ऊस, वजन आणि देयक यांची माहिती गावातच मिळावी, यावर त्या प्रकल्पाचा भर होता. बाहेरच्या जगाला स्वतःच्या नावाने ओळख सांगणे हा त्यापुढील टप्पा होता आणि तो प्रामुख्याने शैक्षणिक संस्थांनी गाठला.

या संस्थांची नावे पाहिली असता इतिहासाचे थर स्पष्ट दिसून येतात. १९४७ मध्ये सुरू झालेले सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय ‘वालचंदसांगली.एसी.इन’ या नावाने ओळखले जाते. १९६० मध्ये स्थापन झालेले कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय ‘जीसीईकराड.एसी.इन’ हे नाव वापरते. या दोन्ही नावांत गाव आहे, ही लक्षणीय बाब होय.

दुसरा थर अधिक उद्बोधक आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेल्या आणि १९२४ मध्ये साताऱ्यात आलेल्या रयत शिक्षण संस्थेचे नाव ‘रयतशिक्षण.ईडीयू’ असे आहे. वाळवा तालुक्यातील राजारामनगर येथील १९८३ मध्ये सुरू झालेली राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ‘आरआयटीइंडिया.ईडीयू’ हे नाव वापरते. ‘ईडीयू’ ही शाखा ऑक्टोबर २००१ पासून अमेरिकेतील मान्यताप्राप्त संस्थांपुरती मर्यादित करण्यात आली. पूर्वी नाव घेतलेल्या संस्थांना मात्र ते ठेवण्याची मुभा मिळाली. त्यामुळे ही दोन नावे नियम बदलण्यापूर्वीच्या काळाची खूण आहेत, असे मानावे लागते. जुन्या गडाच्या तटाला असलेला दरवाजा पुढे बुजवला जावा, परंतु आत वस्ती केलेल्यांचा हक्क कायम राहावा, तसाच हा प्रकार आहे. अशी नावे एकदा हातची गेली तर ती पुन्हा मिळण्याचा मार्ग नाही. म्हणूनच त्यांचे मोल नूतनीकरणाच्या वार्षिक शुल्कात मोजता येत नाही.

४. स्वतःचे नेमसर्व्हर : घटक व कार्यपद्धती

डोमेन नाव घेणे आणि त्याचे नेमसर्व्हर चालवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नाव ठरावीक वर्षांच्या मुदतीने मिळते. त्याचे स्वरूप मालकीपेक्षा भाडेपट्ट्याचे असते. त्या नावाबद्दलची उत्तरे मात्र बहुतेक वेळा नोंदणी करणारी कंपनी किंवा होस्टिंग पुरवठादार आपल्या सर्व्हरवरून देत असतो. संस्थेने हे काम स्वतःकडे घ्यायचे ठरविल्यास पुढील बाबी आवश्यक ठरतात.

पहिली बाब म्हणजे किमान दोन सर्व्हर आणि त्यांना न बदलणारे, म्हणजे स्थिर अंकीय पत्ते. घरगुती ब्रॉडबँडचा बदलता पत्ता येथे उपयोगी पडत नाही. या सर्व्हरवर बाइंडसारखी प्रणाली बसवावी लागते. बाइंडचा जन्म १९८० च्या दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या हातून झाला. ती विनामूल्य उपलब्ध असल्याने जिल्ह्यातील महाविद्यालयालाही तिचा वापर करता येतो.

दुसरी बाब म्हणजे झोन फाइल. ही संस्थेच्या नावाची नोंदवहीच होय. मुख्य सर्व्हर कोणता, जबाबदार व्यक्तीचा ईमेल कोणता, संकेतस्थळ कोणत्या पत्त्यावर आहे आणि टपाल कोणत्या सर्व्हरकडे जावे, हे सर्व तीत लिहिलेले असते. प्रत्येक फेरफारानंतर तिचा अनुक्रमांक वाढवावा लागतो. दिनांकावरून अनुक्रमांक देण्याची पद्धत रूढ आहे. हा क्रमांक वाढवण्याचे राहिले, तर दुय्यम सर्व्हर आपली जुनी प्रतच खरी मानून चालतो आणि एकाच नावाबद्दल दोन ठिकाणांहून दोन उत्तरे मिळू लागतात.

तिसरी बाब नवख्या व्यवस्थापकाला बहुधा प्रथम अडवते. नेमसर्व्हरचे स्वतःचे नाव त्याच डोमेनखाली असल्यास एक चक्र तयार होते. डोमेनचा पत्ता हवा असेल तर नेमसर्व्हरला विचारावे लागते आणि नेमसर्व्हरचा पत्ता मिळवायचा तर पुन्हा त्याच डोमेनकडे जावे लागते. किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावावे, तशी ही अवस्था होय. यावर उपाय म्हणून नोंदणी कंपनीमार्फत नेमसर्व्हरचे नाव व अंकीय पत्ता वरच्या शाखेत थेट नोंदवावा लागतो. या नोंदीला ग्लू रेकॉर्ड म्हणतात. शेजाऱ्याकडे ठेवलेली दुसरी किल्ली, असे तिचे वर्णन करता येईल. सर्व्हरचा अंकीय पत्ता बदलला आणि ही नोंद मात्र जुनीच राहिली, तर आतील सर्व काही व्यवस्थित असूनही बाहेरचा माणूस दारापर्यंत पोहोचत नाही.

चौथी बाब शिस्तीची आहे. नावांच्या विचारणेसाठी ५३ क्रमांकाचे पोर्ट यूडीपी व टीसीपी या दोन्ही मार्गांनी खुले असावे लागते. त्याच वेळी अन्य डोमेनची चौकशी कोणाही परक्यासाठी करून देण्याची सोय बंद ठेवावी लागते, अन्यथा संस्थेचा सर्व्हर इतरांवर हल्ला करण्याचे साधन बनू शकतो. उत्तरे किती काळ साठवून ठेवावीत याची मुदतही ठरवावी लागते. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवायचे असेल तर ही मुदत काही दिवस आधीच कमी करावी, म्हणजे जुने उत्तर लोकांच्या संगणकांत फार काळ रेंगाळत नाही.

५. दुसरा सर्व्हर कोठे असावा?

नेमसर्व्हर दोन असावेत हा नियम सर्वश्रुत आहे. परंतु अनेकदा ते दोन्ही एकाच खोलीत, एकाच वीजजोडणीवर आणि एकाच इंटरनेट जोडणीवर ठेवले जातात. काही वेळा तर एकाच यंत्राला दोन नावे दिलेली असतात. असे केल्याने नियमाचे अक्षर पाळले जाते, हेतू मात्र साधत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक मानकात दुय्यम सर्व्हर भौगोलिकदृष्ट्या व जाळ्याच्या रचनेच्या दृष्टीने दूर असावा, असे स्पष्ट म्हटले आहे.

कृष्णाकाठच्या सांगलीला या नियमाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेच्या पुराने शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले. पुराच्या काळात वीज खंडित होते, तळमजल्यावरील यंत्रसामग्री धोक्यात येते आणि नेमक्या त्याच दिवसांत परीक्षा, प्रवेश वा मदतकार्य यांविषयीच्या सूचना देण्याची निकड असते. मुख्य सर्व्हर सांगलीत आणि दुय्यम सर्व्हर साताऱ्यात, वेगळ्या इंटरनेट जोडणीवर असेल, तर सांगलीचा सर्व्हर बंद पडूनही नावाबद्दलची उत्तरे मिळत राहतात. झोन फाइलमधील मुदत सामान्यतः दोन ते चार आठवड्यांची ठेवावी, अशी शिफारस आहे. तेवढ्या काळात दुय्यम प्रत मुख्य म्हणून घोषित करून संकेतस्थळ तात्पुरते अन्यत्र वळवता येते. परस्परांच्या नावासाठी दुय्यम सर्व्हर चालवण्याची प्रथा जगातील विद्यापीठांत जुनी आहे. ज्या परिसरात सहकाराने कारखाने, बँका आणि दूध संघ उभे केले, तेथे दोन महाविद्यालयांनी एकमेकांच्या नावाची राखण करणे अवघड मानण्याचे कारण नाही.

केवळ लहान संस्थाच ही चूक करतात असे नाही. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सर्व नेमसर्व्हर जाळ्याच्या एकाच भागात असल्याने एका राउटरमधील चुकीच्या बदलामुळे कंपनीची संकेतस्थळे दिसेनाशी झाली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे नेमसर्व्हर इंटरनेटपासून तुटले आणि तिच्या सेवा जगभर काही तास बंद पडल्या. दोन्ही प्रसंगी माहिती नष्ट झाली नव्हती. तिचा पत्ता सांगणारेच उरले नव्हते.

६. नाव बदलल्यानंतर : मराठी विश्वकोशाचे उदाहरण

सर्व्हर बंद पडणे ही तात्पुरती हानी होय. नावच बदलल्यास होणारी हानी दीर्घकालीन असते. सातारा जिल्ह्यातील वाई हे मराठी विश्वकोशाचे घर आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हे सर्व ज्ञान इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आले, ही मराठी भाषेच्या दृष्टीने मोठी घटना होती. तथापि विश्वकोशाचा मजकूर काळाच्या ओघात ‘मराठीविश्वकोश.इन’, ‘मराठीविश्वकोश.ऑर्ग’ आणि शासनाच्या ‘मराठी.गव्ह.इन’खालील नाव अशा एकाहून अधिक नावांनी वाचकांसमोर आला. दरम्यान विद्यार्थी, संशोधक व ज्ञानकोशकार यांनी आपापल्या लेखनात जे पत्ते नोंदवले, ते त्या त्या काळातील नावाचे होते.

येथे कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. शासकीय संस्थेने शासकीय शाखेखाली यावे हे योग्यच आहे. प्रश्न जुन्या नावाच्या राखणीचा आहे. छापील खंडाचा संदर्भ दिला असता तो पन्नास वर्षांनंतरही वाचनालयात सापडतो. संकेतस्थळाचा संदर्भ मात्र जुन्या नावासाठी कोणी तरी उत्तर देत असेल तोवरच जिवंत राहतो. नवे नाव घेतल्यानंतरही जुन्याचे नूतनीकरण चालू ठेवून तेथे येणाऱ्या वाचकाला नव्या पत्त्याकडे वळवणे, हे म्हणूनच अभिलेख जतनाचे काम ठरते. दक्षिण साताऱ्याचे जुने नाव माणसांच्या आठवणीवर टिकले. इंटरनेटवर ती आठवण नेमसर्व्हरमध्ये लिहून ठेवावी लागते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने ही बाब आता अधिक निकडीची झाली आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या २०१७ पासून लागू झालेल्या सुधारित पद्धतीत स्वयंमूल्यमापन अहवालासोबत कागदपत्रांचे दुवे देणे आवश्यक ठरले. हे दुवे महाविद्यालयाच्या नावावर उभे असतात. नावाची मुदत संपली किंवा पुरवठादार बदलताना नोंदी हरवल्या, तर अनेक वर्षांचा पुरावा एकाच दिवशी निरुपयोगी होऊ शकतो.

७. देवनागरी नावाचा प्रश्न

२७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘.भारत’ ही शाखा खुली झाली. ती हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी आदी देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी आहे. त्यामुळे संस्थेचे नाव मराठीतच नोंदवणे शक्य झाले. परंतु नेमसर्व्हरच्या झोन फाइलमध्ये हे नाव सामान्यतः ‘एक्सएन’ या रोमन अक्षरांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपातच लिहावे लागते. १९८७ ची चौकट न मोडता नव्या लिपींना त्यात जागा देण्यासाठी २००३ मध्ये ही तडजोड स्वीकारली गेली. वाचकाला देवनागरी आणि यंत्राला रोमन, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. मोडीतील दप्तर व बाळबोधातील प्रत एकत्र बाळगणाऱ्या महाराष्ट्राला अशी दुहेरी नोंद नवी नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) डोमेन नाव व्यवस्थेचा इतिहास हा एका मध्यवर्ती यादीकडून अधिकारवाटपाकडे झालेल्या प्रवासाचा इतिहास आहे. नावाविषयीचे उत्तर नाव धारण करणाऱ्याने द्यावे, हे त्याचे मूळ तत्त्व होय.

२) सातारा व सांगलीतील संस्थांच्या नावांत या इतिहासाचे थर आढळतात. काही नावे आज नव्याने मिळणे शक्य नसल्याने त्यांना संस्थेच्या वारशाचे स्थान दिले पाहिजे.

३) स्वतःचे नेमसर्व्हर चालवणे शक्य आहे, परंतु त्यासाठी स्थिर पत्ते, दूर अंतरावरील दुय्यम सर्व्हर आणि सातत्याने लक्ष देणारी व्यक्ती हवी. एका उत्साही प्राध्यापकाने उभारलेली व्यवस्था त्याच्या बदलीबरोबर निराधार होणार असेल, तर ती न उभारणेच बरे. मुख्य नोंदवही स्वतःकडे व जाहीर उत्तरे विश्वासू पुरवठादाराच्या दुय्यम सर्व्हरकडे, हा मध्यम मार्ग बहुतेक महाविद्यालयांना झेपणारा आहे.

४) सर्व्हर कोणाचाही असो, नोंदणी खात्याचा ताबा, नूतनीकरणाची तारीख आणि झोन फाइलची अद्ययावत प्रत या तीन गोष्टी संस्थेच्या दप्तरात असल्याच पाहिजेत. नोंदणीसाठी दिलेला ईमेल व्यक्तीचा नसून पदाचा असावा.

महाविद्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक खुर्ची, कपाट आणि पंखा यांची नोंद असते व दरवर्षी त्यांची मोजदाद होते. ज्या नावाने जग त्या महाविद्यालयाला शोधते, त्या नावाची नोंद मात्र या वहीत बहुधा सापडत नाही. ती एक ओळ वहीत लिहिली जाणे, हा नावाचा अधिकार जिल्ह्यापर्यंत पोहोचल्याचा पहिला पुरावा ठरेल.